मशीनच्या डोळ्यात कुंकू

तिसऱ्यांदा मशीन बंद पडलं तेव्हा प्रशांतने मला खांबाआड नेलं आणि कानाशी कुजबुजला, "मॅडम, एक जम्पर टाकू. फक्त पाच मिनिटं. अण्णासाहेब गेले की लगेच काढतो."

"जम्पर टाकलास तर मी आत्ता रिक्षा करून घरी जाईन," मी म्हणाले. "आणि जाताना अण्णासाहेबांनाही घेऊन जाईन."

जम्पर म्हणजे वायरचा तुकडा. सुरक्षेचं एखादं उपकरण 'थांबा' म्हणत असेल तर त्याच्या डोक्यावरून ही वायर टाकायची आणि मशीनला 'सगळं ठीक आहे' असं खोटंच सांगायचं. कारखान्यात याला बायपास म्हणतात. मी पाहिलेल्या बऱ्याच अपघातांच्या मुळाशी असा वीतभर वायरचा तुकडा निघाला आहे, आणि प्रत्येक वेळी तो पाच मिनिटांसाठीच टाकलेला होता.

सकाळचे अकरा वाजले होते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा. प्रशांत देवरे मूळचा नामपूरचा, घरचा कांद्याचा व्यापार, हा एकटा इंजिनिअर झाला आणि मोठ्या स्वयंपाकघरांसाठी हायड्रोजनवर चालणारी भट्टी बनवायच्या मागे लागला. चार वर्षं लागला होता. वडिलांनी शेवटी निर्वाणीचं सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत एक तरी गिऱ्हाईक दाखव, नाहीतर गाळ्याला कुलूप लाव आणि मार्केटात माझ्या शेजारी येऊन बस. दिवाळी सहा आठवड्यांवर आली होती आणि गिऱ्हाईक म्हणता येईल असा एकच माणूस समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

तो माणूस म्हणजे अण्णासाहेब. निवृत्त हेडमास्तर. वणीच्या वाटेवर यात्रेकरूंना जेवू घालणारं एक अन्नछत्र आहे, त्याचे विश्वस्त. त्यांना सहा भट्ट्या हव्या होत्या. सोबत त्यांनी त्यांचा आचारी आणला होता, दगूभाऊ. विश्वस्त काहीही म्हणोत, भट्टी घ्यायची की नाही हे दगूभाऊ ठरवणार हे पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं. कारण चहा आला तेव्हा अण्णासाहेबांनी पहिला कप त्याला दिला.

आता मी यात कुठे, ते सांगते. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून केमिस्ट म्हणून निवृत्त झाले. विजेच्या केंद्रात हायड्रोजनचं काय काम, असं सगळेच विचारतात. तिथलं जनित्र फिरताना भयंकर तापतं. त्याला गार ठेवायला आत हायड्रोजन भरतात, कारण तो हवेपेक्षा कितीतरी हलका आणि उष्णता झटकन उचलून नेणारा. त्याची शुद्धता तपासायची, तो कुठे गळत नाही ना ते बघायचं, हे केमिस्टचं काम. म्हणजे आज पेपरवाले ज्याला उद्याचं इंधन म्हणतात, त्याच्याशी माझा संसार नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचा. लग्न नंतर झालं.

या इंधनाचं कौतुक खोटं नाही. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं. एकीकडे ऑक्सिजन, दुसरीकडे हायड्रोजन. तो हायड्रोजन जाळला की त्याचं परत पाणीच होतं. धूर नाही, काजळी नाही, कढईचं बूड काळं नाही. वीज छपरावरच्या सोलरची असेल तर सगळा कारभारच स्वच्छ. प्रशांत हे सांगायला लागला की भान विसरतो. ऐकणारा जांभया देतोय हेही त्याला दिसत नाही.

जे तो सांगत नाही ते सांगायला त्याने मला ठेवलं आहे. जेवढी वीज घालावी तेवढी उष्णता परत येत नाही, वाटेत बरीच गळती होते. हायड्रोजन साठवायचा तर प्रचंड दाबाने कोंबावा लागतो, कारण वजनाला हलका पण जागा फार खातो. साध्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. ज्या सांध्यातून पाणी सोडा, हवासुद्धा निसटत नाही, तिथून हा निसटतो. घरच्या गॅसला वास असतो तो मुद्दाम घातलेला, याला कसलाच वास नाही. आणि कळस म्हणजे दिवसाउजेडी याचा जाळ दिसत नाही. आमच्या एका जुन्या चीफ इंजिनिअरांचा राग असाच होता. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, जवळ गेल्यावर चटका बसायचा.

माणसाला दिसत नाही म्हणून मशीनला डोळा लावतात. फ्लेम सेन्सर. हायड्रोजनच्या जाळातून आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, ते हा डोळा बघतो. बर्नर पेटवला, चार-पाच सेकंदांत डोळ्याला जाळ दिसला, तर गॅस चालू राहतो. नाही दिसला तर डोळा व्हॉल्व्ह बंद करतो. कारण न पेटलेला गॅस तसाच येत राहिला तर वर छताशी साठतो, आणि नंतर एका ठिणगीसरशी सगळा एकदम पेटतो. म्हणून त्या डोळ्याला जम्पर टाकणं म्हणजे आंधळ्याला गाडी चालवायला देणं.

तर तो डोळा तीन वेळा म्हणाला होता, जाळ नाही. स्क्रीनवर लाल अक्षरात 'फ्लेम फेल'.

"पेटंना का?" दगूभाऊने विचारलं.

"पेटतंय, पेटतंय," प्रशांत म्हणाला. "पहिल्यांदा जरा असं होतं."

"आमचं लाकूडबी पावसाळ्यात असंच करतं," दगूभाऊ म्हणाला आणि त्याने बशीत चहा ओतला.

मी बर्नरजवळ गेले आणि हाताची मागची बाजू वर धरली. बर्नर तापलेला होता. म्हणजे प्रत्येक वेळी जाळ लागत होता, पाच सेकंद जळत होता, आणि डोळा मात्र दिसत नाही म्हणत होता. बर्नर खरं बोलत होता, डोळा खोटं. वायर पाहिली, ठीक. कनेक्शन पाहिलं, ठीक. मग वाकून डोळ्यात पाहिलं.

डोळ्याच्या काचेवर कुंकू होतं. नुसतं बोट टेकवलेलं नाही, चांगला ठसठशीत टिळा, त्यावर हळद, आणि हळदीला चिकटलेला तांदळाचा एक दाणा. अगदी मधोमध.

"प्रशांत, सकाळी पूजा कोणी केली?"

प्रशांतने मागे पाहिलं. मागे त्याची आई उभी होती, आक्का. पहाटेच्या गाडीने नामपूरहून आली होती. भट्टीला झेंडूचा हार, पॅनेलला स्वस्तिक, खाली फोडलेला नारळ, सगळं यथासांग केलं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एकलहऱ्याला दसऱ्याला आम्हीही टर्बाइनला हार घालत होतो. पण टर्बाइनला डोळा नव्हता.

"आक्का, इथे गंध का लावलंत हो?"

"मंग कोठे लावू?" आक्का तिच्या अहिराणीत म्हणाली. "सगळं लोखंड सारखंच शे. तेवढंच गोल न चमकदार शे. माले वाटलं, कपाळ शे."

मी आयुष्यभर मशीनं पाहिली, पण मशीनचं कपाळ कुठे असतं याचा विचार कधी केला नव्हता. ओल्या कापडाने काच पुसली, मग कोऱ्या कापडाने. आक्काचा चेहरा पडला.

चौथ्यांदा बटण दाबलं. टकटक असा ठिणगीचा आवाज आला, मग बारीक फुसफुस, आणि स्क्रीनवर हिरवा दिवा. दहा सेकंद, वीस, मिनिट. दिवा हिरवाच. प्रशांतने एवढा मोठा श्वास सोडला की कंट्रोल पॅनेलवरचा झेंडू हलला.

"चालू झालं, अण्णासाहेब!"

अण्णासाहेबांनी चष्मा लावला, बर्नरकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, परत लावला. "कुठे?"

"आहे ना. दिसत नाही फक्त."

हेडमास्तरांना 'गृहपाठ केलाय, फक्त वही घरी आहे' हे ऐकायची सवय असते. दगूभाऊने मात्र पायाखालची एक वाळकी काडी उचलली आणि बर्नरवर धरली. काडी क्षणात पेटली. त्याने ती टाकून पायाने विझवली.

"जाळ हाय," त्याने जाहीर केलं. मग पायजमा जरा वर ओढून भट्टीच्या डाव्या अंगाला पाइपजवळ उकिडवा बसला. "पण मॅडम, दिसंना तर मंद कसा करायचा? बुंदीला येगळा जाळ, वरणाला येगळा. मी काय मीटर बघून बुंदी पाडू का? लय वर्सं झाली, मी जाळाकडं बघून कढई उतरवतो. आन एखादं पोर पळत आलं, कढई नाय म्हणून हात घातला, तर?"

प्रश्न बिनतोड होता. चार वर्षांत प्रशांतला बँकेपासून कॉलेजच्या प्रोफेसरांपर्यंत अनेकांनी प्रश्न विचारले होते, पण हा कोणी विचारला नव्हता. मी प्रवाह दाखवणारा काटा, तापमानाचा आकडा वगैरे सांगायला लागले. दगूभाऊ ऐकत होता, म्हणजे ऐकून घेत होता.

इकडे आक्काचं आपलं वेगळंच चाललं होतं. तिच्या हिशोबाने मशीन तीनदा बंद पडलं, आणि चालू झालं ते माझ्या फडक्यामुळे नव्हे, तर दृष्टीचा जोर जरा कमी झाला म्हणून. पूर्ण उतरवायला हवी होती. गाळ्याच्या कोपऱ्यात चहाची शेगडी, तिथे मिठाची बरणी. मोहऱ्या ती घरून पदराला बांधूनच आली होती. मी पाठमोरी असताना तिने मूठ भरली, भट्टीवरून तीनदा उतरवली, "मना पोऱ्यानं मशीन शे, कोनी नजर लाई व्हई तं जळी जावो," असं काहीतरी पुटपुटली आणि मूठ बर्नरवर मोकळी केली.

भक्कन दोन हात उंच पिवळाधमक जाळ उठला. मोहऱ्या तडतडल्या.

हा चमत्कार नव्हे. भाताचं पाणी उतू गेलं की घरच्या गॅसचा निळा जाळ पिवळा होतो ना, तेच. मिठात सोडियम असतं, ते जाळात गेलं की पिवळा उजेड देतं. हायड्रोजनचा जाळ तिथे आधीपासून होताच, मिठाने त्याला रंग दिला इतकंच. पण गाळ्यातल्या सगळ्यांना तो आक्काचा चमत्कार वाटला. प्रशांतच्या दोन्ही फिटरनी टाळ्या वाजवल्या. दगूभाऊ म्हणाला, "आता कसं! असं पायजे!"

"दोन-दोन जाळ!" धाकटा फिटर आनंदाने ओरडला.

दोन?

बर्नर एकच होता.

मी खाली पाहिलं. मिठाची धूळ उडून भट्टीच्या डाव्या अंगाला उतरत होती, आणि तिथे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाइपच्या सांध्यातून बोटभर लांबीची पिवळी जीभ आडवी बाहेर आली होती. तिच्यापासून वीतभरावर दगूभाऊचा पायजमा होता.

"मागे हो!" मी ओरडले. मला एवढ्या मोठ्याने ओरडता येतं हे मलाच माहीत नव्हतं. दगूभाऊ मागच्या मागे बसकण मारून पडला, आणि मी लाल बटणावर हात आपटला. व्हॉल्व्ह बंद झाला. दोन्ही जाळ गेले. फिटर अजून टाळ्या वाजवतच होते.

मी अण्णासाहेबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले, आणि कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. तो सांधा गळत होता. बर्नर पेटला तेव्हा गळणारा गॅसही पेटला. छताला गॅस शोधणारा डिटेक्टर आहे, पण तो गप्प राहिला, कारण गळलेला गॅस वर जायच्या आत जळून जात होता. फ्लेम सेन्सर बर्नरकडे बघत होता, त्याला सांध्यावरचा जाळ दिसायचं कारण नाही. आम्हाला तर काहीच दिसत नव्हतं. आक्काने मीठ टाकलं नसतं तर आणखी दोन मिनिटांत दगूभाऊचा पायजमा पेटला असता, आणि तोही कशाने पेटला हे आम्हाला कळलं नसतं.

दगूभाऊने पायजम्याचा पाय चाचपला. तिथलं कापड कोमट होतं.

"हा सांधा काल संध्याकाळी ठीक होता," मी प्रशांतला म्हणाले. "मी स्वतः साबणाचं पाणी लावून पाहिला. एक बुडबुडा नव्हता. आज कोणी हात लावला?"

थोरला फिटर बुटांकडे बघत म्हणाला, "मॅडम, सकाळी भट्टी दोन फूट सरकवली. पाइप सोडला आन परत जोडला."

"का?"

"फोटोत बॅनर येत नव्हतं."

बॅनरवर 'उद्याचं इंधन, आजच' असं लिहिलं होतं. माझ्या तोंडात जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि आक्कासमोर बोलण्यासारखेही नव्हते. एकदा सोडलेला सांधा परत जोडला की तो नवा सांधा. त्याची नव्याने तपासणी करायची. हायड्रोजनच्या कामात हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी सुरू झाले. फिटरना झापलं, प्रशांतला झापलं, जम्परचाही उद्धार केला. "पाच मिनिटं म्हणे! डोळा बांधून पाच मिनिटं गॅस सोडायचा होता तुला!"

अण्णासाहेबांनी माझं सगळं बोलणं संपू दिलं. मग शांतपणे विचारलं, "सकाळी सुरू करायच्या आधी तपासणी होते ना? त्याचा काही कागद असतो का?"

"असतो की!" प्रशांत म्हणाला. त्याला वाटलं, हीच आपली जमेची बाजू. धावत जाऊन फाइल आणली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. विसरले म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून. आदल्या दिवशी संध्याकाळी साबणाची तपासणी झाल्यावर प्रशांत म्हणाला होता, उद्या सकाळी गडबड असेल, पाहुणे, पूजा, तुम्ही सकाळचं चेकलिस्टही आत्ताच भरून ठेवता का? आणि मी भरलं होतं. सगळे सांधे मी नुकतेच पाहिले होते. रात्रीतून पाइप कुठे चालत जाणार, असं मनात म्हणत चौदाच्या चौदा रकान्यांत बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशीची तारीख घातली. वेळेच्या रकान्यात 'सकाळी ९.००' लिहिलं. खाली माझी सही, नेहमीची, ठसठशीत.

सकाळी मी आले दहा वाजता. अण्णासाहेब तेव्हा फाटकातच होते. आम्ही दोघं बरोबरच आत आलो होतो.

त्यांनी कागद वाचला. तारीख वाचली, वेळ वाचली, सही वाचली. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, मी उभा जन्म मास्तरकी केली. कामचुकार पोरं पाहिली, कामचुकार मास्तर पाहिले. पण परीक्षेच्या आदल्या दिवशीच तपासून मार्क दिलेला पेपर आज पहिल्यांदा पाहतोय."

गाळ्यात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ज्या फिटरला मी आत्ताच धारेवर धरलं होतं तो माझ्याकडे दयेने बघत होता, आणि ती दया मला चटक्यासारखी लागली. नोकरीत तीन वेळा मी साहेबांच्या हातातून जम्परची वायर हिसकावून घेतली आहे. आणि इथे मी स्वतः पेनाने बायपास केला होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

ऑर्डर मिळाली नाही. अण्णासाहेब उठले, आक्काला नमस्कार केला, आणि प्रशांतला म्हणाले, "तीन आठवड्यांनी येतो. दगूच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा." प्रशांत गाडीपर्यंत सोडायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मी फी घेणार नाही म्हणाले. तो म्हणाला, "फी राहू द्या मॅडम, तुम्ही राहा."

ते तीन आठवडे आम्ही पिसाळल्यासारखं काम केलं. शक्य तिथे सांधे काढून एकसंध पाइप वेल्ड केला, चौदाचे सहा सांधे राहिले. सांध्यांकडे बघणारा दुसरा डोळा बसवला. दगूभाऊच्या प्रश्नाला उत्तर म्हणून प्रशांतने आधी मिठाची आपोआप फवारणी सुचवली. मिठाने बर्नर महिन्याभरात गंजून जाईल, असं मी ओरडून सांगितलं. शेवटी बर्नरवर स्टीलची बारीक जाळी बसवली. जाळ दिसत नाही, पण जाळी लाल होते. मंद केला की काळपट लाल, मोठा केला की केशरी. आणि भट्टीच्या दर्शनी भागावर, डोळ्यापासून लांब, तळहाताएवढी एक चकचकीत गोल पट्टी लावली. खाली रंगाने लिहिलं: 'कुंकू इथे लावावे'. माझ्या पाहण्यातली ही एकमेव सुरक्षा सूचना, जी लोक न सांगता पाळतात.

अण्णासाहेब ठरल्या दिवशी आले. दगूभाऊ या वेळी पायजमा सोडून आखूड चड्डी घालून आला होता. मी साबणाचं पाणी आणि ब्रश घेतला. चेकलिस्ट कोरं होतं, आणि ते अण्णासाहेबांनी माझ्या हातातून काढून स्वतःकडे घेतलं. मी एकेक सांधा तपासायचा, ते बाजूला उभं राहून नंबर पुकारायचे, बुडबुडा नाही हे स्वतः वाकून पाहायचे, आणि मगच खूण करायचे. चौथ्या सांध्याला एक बुडबुडा आला. सोडला, साफ केला, परत जोडला, परत पाहिला. पाऊण तास गेला. प्रशांत दर दोन मिनिटांनी घाम पुसत होता. मधे एकदा "बाकीचे दोन नंतर बघू का?" म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

भट्टी पेटली. जाळी लाल झाली. दगूभाऊने कढई चढवली, तेल तापवलं, जाळीच्या रंगाकडे बघत दोनदा नॉब कमीजास्त केला आणि बुंदी पाडली. पहिला झारा त्याने स्वतः चाखला. मग म्हणाला, "धा मिन्टं लवकर झाली. पण जाळ लय चपळ हाय, सवय लागंल." अण्णासाहेबांनी तेवढ्यावर दोन भट्ट्या सांगितल्या. सहा नाही, दोनच. बाकीच्या चार त्या दोघी वर्षभर नीट वागल्यावर. प्रशांतने तिथूनच नामपूरला वडिलांना फोन लावला आणि बोलता बोलता रडला.

निघताना अण्णासाहेबांनी चेकलिस्ट माझ्यासमोर ठेवलं. सगळे रकाने भरलेले होते, तारीख आणि सहीची वेळ तेवढी कोरी. "हे तुम्हीच भरा," म्हणाले आणि खिशातलं पेन काढून दिलं.

वायरने केलेला बायपास निदान उघडा दिसतो, कोणीतरी येऊन उपटून टाकतं. पेनाने केलेला बायपास फाइलमध्ये लावतात. मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, बारा वाजून सात मिनिटं झाली होती, आणि मी बारा वाजून सात मिनिटं असंच लिहिलं.